गोळीचा हप्ता चुकवू नका



उसाला खताचे हप्ते वेळच्या वेळी द्या, असे आम्ही बांधावर सांगतो. रक्तदाबाच्या गोळीचेही तसेच आहे. बरं वाटलं की पुष्कळजण गोळी सोडतात. दाब मात्र गुपचूप वाढतो आणि एक दिवस लकवा मारतो.

चिठ्ठीवरचे १-०-१ म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. हे समजावून देणे फार्मासिस्टचे कामच आहे. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांत तसे नमूद आहे. तेव्हा पुडी घेऊन घाईने निघू नका. जेवणाआधी की नंतर, एखादी गोळी चुकली तर काय, हे विचारा आणि ऐकलेले त्यांना परत बोलून दाखवा. गोळी बंद करणे मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. विचारण्यात कमीपणा कसला?