बुलेटची चेन ‘ताणली’ जात नाही, मग ती सैल का होते? जुन्या गाडीचा फायनल ड्राइव्ह घरी दुरुस्त करण्याआधी हे वाचा

जुनी, उजव्या पायाने गिअर टाकायची बुलेट. थ्रॉटल दिला की मागून ‘खट’ असा आवाज येतो. चेन घट्ट केली की चार दिवस बरे जातात आणि मग पुन्हा तेच. शेवटी कुणीतरी सांगतं, ‘चेन बदलून टाका.’ नवी चेन बसते, पण काही महिन्यांत तीही लोंबायला लागते.

अशा वेळी चेन निकृष्ट होती असं म्हणून आपण मोकळे होतो. बऱ्याचदा दोष चेनमध्ये नसतो, तिच्या जोडीदारांमध्ये असतो. ते जोडीदार कोण, ते कसे तपासायचे आणि यातलं घरी किती करता येतं, हे समजून घेऊ.

फायनल ड्राइव्ह म्हणजे काय?

गिअरबॉक्समधून निघालेली ताकद मागच्या चाकापर्यंत नेणारा शेवटचा टप्पा म्हणजे फायनल ड्राइव्ह. बुलेटमध्ये त्यात पुढचं स्प्रॉकेट, चेन, मागचं स्प्रॉकेट आणि मागच्या हबमधले रबर येतात. इंजिनचा धक्का हे रबर पचवतात, म्हणून त्यांना कश रबर म्हणतात.

सगळ्याच गाड्यांमध्ये चेन नसते. पहिल्या महायुद्धात गाजलेल्या ट्रायम्फ मॉडेल एचमध्ये मागच्या चाकाला पट्टा होता. बीएमडब्ल्यूने १९२३ च्या आर ३२ मध्ये शाफ्ट दिला. पण स्वस्त, हलकी आणि दुरुस्तीला सोपी म्हणून चेन टिकली. आजच्या रोलर चेनचं मूळ हान्स रेनॉल्ड यांनी १८८० मध्ये मँचेस्टरमध्ये घेतलेल्या पेटंटमध्ये आहे.

पुढे १६ आणि मागे ३८ दात असतील, तर मागचं चाक एकदा फिरेपर्यंत पुढचं स्प्रॉकेट सुमारे २.४ वेळा फिरतं. म्हणजे पुढच्या प्रत्येक दातावर चेन जास्त वेळा बसते, त्यामुळे पुढचं स्प्रॉकेट सहसा आधी झिजतं.

चेन खरंच ताणली जाते का?

नाही. चेनच्या पट्ट्या रबरासारख्या लांबत नाहीत. झीज होते ती पिन आणि तिच्याभोवतीच्या बुशमध्ये.

बुलेटच्या चेनचा पिच, म्हणजे एका पिनपासून पुढच्या पिनपर्यंतचं अंतर, ५/८ इंच म्हणजे १५.८७५ मिमी असतो. प्रत्येक जोडात फक्त ०.१६ मिमी झीज झाली, असं समजा. एका जोडात ती हाताला कळणारही नाही. पण अशा ९० कड्या एकापुढे एक आल्या की चेन जवळपास १४ मिमीने लांब होते. आपण जिला ‘ताणलेली चेन’ म्हणतो, ती हीच.

मोजायचं कसं?

चेन काढा, रॉकेलमध्ये ब्रशने धुवा आणि सपाट फळीवर ठेवून दोन्ही टोकांनी ओढून धरा. आता २० पिच मोजा, म्हणजे पहिल्या पिनच्या मध्यापासून एकविसाव्या पिनच्या मध्यापर्यंत.

नवीन चेनमध्ये हे अंतर ३१७.५ मिमी येतं. जुन्या ब्रिटिश घडणीच्या गाड्यांसाठी २ टक्के वाढ ही शेवटची मर्यादा मानली जाते, म्हणजे साधारण ३२४ मिमी. तिथे पोचलेली चेन बाद समजा. आरएक्स १०० सारख्या गाडीत पिच अर्धा इंच असतो. तिथे नव्या चेनचे २० पिच २५४ मिमी भरतात आणि मर्यादा २५९ मिमी येते.

चेन काढायची नसेल तर एक ढोबळ चाचणी आहे. मागच्या स्प्रॉकेटच्या सगळ्यात मागच्या बिंदूवर चेन बोटांनी बाहेर ओढा. अर्ध्याहून जास्त दात उघडा दिसला तर चेन झिजली आहे. हे करताना इंजिन बंद हवं.

मग फक्त चेन बदलली तर काय बिघडतं?

पिच वाढलेली चेन स्प्रॉकेटच्या दरीत नीट बसत नाही, दातावर वर सरकते. दात एका बाजूने खरवडले जातात आणि शार्कच्या पंखासारखे वाकडे दिसू लागतात. अशा दातांवर नवी चेन बसवली की तिचा अचूक पिच आणि झिजलेले दात जुळत नाहीत. सगळा भार मोजक्याच दातांवर येतो आणि नवी चेन भराभर संपते.

म्हणून चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्र बदलायची, हा जुना नियम. त्यामागे दुकानदाराचा फायदा नसतो, तुमचेच पैसे वाचतात.

बुलेटमध्ये खरी मेख कुठे आहे?

दोन ठिकाणी. पहिली मागच्या चाकात. जुन्या बुलेटमध्ये मागचं स्प्रॉकेट आणि ब्रेक ड्रम हा एकच भाग असतो. दात गेले तर ड्रमच बदलावा लागतो. म्हणजे चेनचं काम करताना तुम्ही ब्रेकलाही हात घालता. ड्रम उघडल्यावर ब्रेक शूची जाडी, ड्रमच्या आतला पृष्ठभाग, बेअरिंग आणि कश रबर सगळं तपासा. रबर भेगाळलेले, दबलेले असतील तर थ्रॉटल देताना येणारा ‘खट’ तिथूनही येत असतो.

एक खबरदारी महत्त्वाची आहे. जुन्या ब्रेक शूमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ड्रममधली धूळ फुंकू नका, हवेच्या पाइपने उडवू नका. ओल्या कापडाने पुसा आणि कापड पिशवीत बांधून टाका.

दुसरी मेख पुढे आहे. गिअरबॉक्सचं स्प्रॉकेट क्लचच्या मागे लपलेलं असतं. तिथे पोचायचं तर प्रायमरी कव्हर उघडून इंजिन स्प्रॉकेट, क्लच आणि त्यांच्यामधली दुहेरी चेन एकत्र काढावी लागते. म्हणूनच अनेक ठिकाणी पुढचं स्प्रॉकेट तसंच सोडून ‘चेन सेट’ बदलला जातो, आणि सगळ्यात जास्त झिजलेला भाग जागेवरच राहतो. बिलात पुढच्या स्प्रॉकेटचा वेगळा उल्लेख आहे का, हे जरूर विचारा.

घरी काम करायचं तर क्रम काय?

गाडी सपाट जमिनीवर डबल स्टँडवर घ्या आणि पुढचं चाक अडवा. फक्त चेन बदलायची असेल तर जुनी चेन ओढून काढू नका. तिच्या टोकाला नवी चेन लॉकने जोडा आणि जुनी हळूहळू ओढा. नवी चेन आपोआप लपलेल्या स्प्रॉकेटवरून फिरून बाहेर येते.

चेन लॉक नेहमी नवा वापरा. त्याच्या क्लिपची बंद बाजू चेन ज्या दिशेने धावते तिकडे हवी, म्हणजे वरच्या पट्ट्यात ती गाडीच्या पुढच्या बाजूला तोंड करून असते. उलटी बसली तर कशाला तरी अडकून क्लिप निघू शकते. धावत्या गाडीत चेन सुटून पुढच्या स्प्रॉकेटभोवती गुंडाळली तर मागचं चाक जाम होऊ शकतं, गिअरबॉक्सचं केसिंगही फुटू शकतं.

त्यानंतर चाकाची रेष. बुलेटच्या मागच्या एक्सलला दोन्ही बाजूंना खाचा असलेले गोगलगायीच्या आकाराचे ॲडजस्टर असतात. दोन्हीकडे सारखी खाच ठेवणं ही सुरुवात झाली. पण चाळीस वर्षांच्या गाडीचा स्विंग आर्म सरळच असेल याची खात्री नाही. मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत दोन्ही बाजूंनी दोरी ताणून चाकं एका रेषेत आहेत का पाहा.

मग ढील. चाक हाताने फिरवत चेनची सगळ्यात घट्ट जागा शोधा आणि तिथे, खालच्या पट्ट्याच्या मध्यावर, वर-खाली हालचाल मोजा. ती साधारण २५ ते ३० मिमी असावी. तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरा. गाडीवर माणूस बसला की स्विंग आर्म वर जातो आणि चेन आणखी घट्ट होते. म्हणून गाडीवर कुणाला तरी बसवून पुन्हा पाहा. जास्त घट्ट चेन सैल चेनइतकीच वाईट, कारण ती गिअरबॉक्सचं आणि चाकाचं बेअरिंग खाते.

चाक मागे-पुढे सरकलं की ब्रेकच्या रॉडचं सेटिंगही बदलतं. एक्सल नट कसल्यावर ब्रेक पेडल दाबून पाहा आणि चाक मोकळं फिरतंय का तेही तपासा.

तेल नेहमी चेनच्या आतल्या बाजूला, चाक हाताने फिरवत द्या. इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून चेन पुसण्याची सवय अनेकांना असते. चेन आणि स्प्रॉकेटमध्ये बोट अडकायला एक क्षण पुरतो.

कुठे थांबायचं?

मोजणं, धुणं, चेन आणि कश रबर बदलणं, ढील आणि रेष लावणं हे थोड्या सवयीने घरी जमतं. पुढच्या स्प्रॉकेटसाठी क्लच काढायचा असेल तर योग्य पुलर आणि मॅन्युअल हातात असल्याशिवाय सुरुवात करू नका. नट कोणत्या दिशेने सुटतो हे पाहूनच जोर लावा. छिन्नी-हातोड्याने नट सोडवण्याच्या नादात शाफ्टचे आटे गेले तर हजाराचं काम कित्येक पटींनी वाढतं. ड्रम आतून घासून गोल करून घेणं आणि स्विंग आर्म सरळ करणं ही कामं लेथ आणि जिग असलेल्या कारागिराचीच.

गाडीची नोंदणी ‘व्हिंटेज’ म्हणून करायची असेल तर आणखी एक गोष्ट. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपातली आणि चॅसिस, बॉडी शेल किंवा इंजिनमध्ये मोठे फेरबदल न झालेली गाडीच या वर्गात येते. चेन आणि स्प्रॉकेट हे झिजणारे भाग आहेत, ते बदलायलाच हवेत. पण जाड चेन बसावी म्हणून केसिंग घासणं किंवा फ्रेमला वेल्डिंग करणं टाळा.

आणि खरेदीला जाण्याआधी एकदा स्टीलची पट्टी घेऊन ते २० पिच मोजा. आकडा ३१९-३२० च्या आसपास असेल आणि दात सरळ असतील, तर कदाचित तुम्हाला नवी चेन नकोच आहे. फक्त रॉकेल, तेल आणि नवे कश रबर पुरतील.