तुर्की भाषेशी तोंडओळख

तुर्कस्तानने १९२८ साली अरबी लिपी सोडून रोमन लिपी घेतली. पण तिचे वाचन इंग्रजीसारखे लहरी नव्हे. देवनागरीप्रमाणे बहुधा लिहिले तसेच वाचावयाचे. मात्र 'सी' अक्षराचा उच्चार 'ज'. त्याच्याखाली शेपूट असेल तर 'च'. शेपटीचा 'एस' म्हणजे 'श'. 'यू'वर दोन टिंबे असतील तर ओठ 'ऊ'सारखे ठेवून 'ई' म्हणावे.

शब्दही अगदी परके नाहीत. टेमघरात उर्दू कानावर पडतेच. तिच्यातला हिसाब तुर्कीत 'हेसाप', किताब 'किताप'. चहा हा 'चाय'च. भेटताच 'मेरहाबा', भाव विचारताना 'ने कादार?' म्हणावे. आपल्या तोपची, मशालची या शब्दांतला 'ची' मूळचा तुर्कीच. 'इश' म्हणजे काम; म्हणून कामगार तो 'इश्ची'!

आपला मुसाफिर तिकडे 'मिसाफिर' होतो आणि त्याचा अर्थ होतो पाहुणा. पोटासाठी भिवंडीत आलेला मागावरचा परप्रांतीय कामगार मराठीचे चार शब्द शिकतो. हौसेने परदेशी जाणाऱ्या आपण यजमानाच्या भाषेचा तेवढा तरी मान राखावा.