कोर्ट मॅरेज? थांबा, तीस दिवस!

सिनेमात कसं सोप्पं असतं! हिरो-हिरॉइन धापा टाकत येतात, दोन मित्र सह्या ठोकतात, गळ्यात हार आणि झालं लग्न! आमचाही प्लॅन तसाच होता. शुक्रवारी हाफ डे, शनिवारी ऑफिसच्या ग्रुपला ट्रीट.

पण आमचं 'कोर्ट मॅरेज' कोर्टात झालंच नाही. ते झालं विवाह अधिकाऱ्यांच्या ऑफिसात आणि त्याला लागले चांगले दोन महिने!

मी कोल्हापूरची, तो वसईचा ख्रिश्चन. धर्म कुणालाच बदलायचा नव्हता. म्हणून १९५४चा विशेष विवाह कायदा. यात आधी नोटीस द्यायची असते, आणि त्याआधी दोघांपैकी एकानं तरी त्या जिल्ह्यात सलग ३० दिवस राहिलेलं असावं लागतं. माझी बंगळुरूहून पुण्यात बदली होऊन जेमतेम दहा दिवस झालेले. तो तर अजून तिकडेच. पहिली विकेट तिथेच पडली! गेले आणखी वीस दिवस.

मग वयाचे आणि पत्त्याचे पुरावे, फोटो, झेरॉक्स असा गठ्ठा घेऊन गेलो. (आधी घटस्फोट झाला असेल तर कोर्टाचा हुकूमनामा न्यायला विसरू नका.) फॉर्म भरताना 'कायमचा पत्ता' आला, मी बिनधास्त कोल्हापूर लिहिलं. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "घरी माहितीये ना? नोटीस इथल्या बोर्डावर लागते आणि तिची प्रत तुमच्या जिल्ह्यातही जाते. तिथेही लागते."

माझ्या पोटात गोळा! घरी काहीच माहीत नव्हतं. आणि कोल्हापुरात बाबांना ओळखत नाही असं सरकारी ऑफिस नाही.

या बोर्डावरून वाद आहेतच. नोटीस लावायची की नाही हे जोडप्यानं ठरवावं, असा निकाल २०२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयानं दिला. पण तो उत्तर प्रदेशातल्या प्रकरणात. आमची नोटीस लागणार होती.

त्याच रात्री एसटी पकडली. बोर्डानं सांगण्याआधी मीच सांगितलेलं बरं!

बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आणि मी हरकत घेतली तर?"

"घेऊ शकता बाबा. ३० दिवसांत कुणीही घेऊ शकतं. पण कारण कायद्यातलं लागतं."

त्यांनी कागद मागितला, चष्मा लावून वाचला. दोघांपैकी कुणाचा नवरा किंवा बायको हयात नसावी. दोघंही संमती देण्याच्या मानसिक स्थितीत असावेत. मुलगा २१, मुलगी १८ पूर्ण. नातं कायद्यानं निषिद्ध नसावं. संपली यादी.

"यात बापाला पसंत नाही, असं कुठं नाही गं," ते म्हणाले आणि उठून आत गेले.

तीस दिवस मी रोज फोनकडे बघत काढले. हरकत आली नाही. बाबांचा फोनही आला नाही.

एकतिसाव्या दिवसानंतर आम्ही तारीख घेतली. उशीर करून चालत नाही. नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर ती रद्द होते, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात! साक्षीदार मात्र तीन लागतात, सिनेमातल्यासारखे दोन नाहीत. दोन ऑफिसचे मित्र होते. तिसरी आई. पहाटेची गाडी पकडून एकटीच आली होती.

तुम्हाला समजेल त्या भाषेत शपथ घेता येते. आम्ही मराठीत म्हटलं, "कायदेशीर पती म्हणून स्वीकारते," "कायदेशीर पत्नी म्हणून स्वीकारतो." ना अक्षता, ना बँड. पण 'स्वीकारते' म्हणताना आवाज कापलाच. आईनं मान खाली घालून, सावकाश, पूर्ण नावाची सही केली.

बाहेर पेढे वाटत असताना फोन वाजला. बाबा!

"सर्टिफिकेट हातात मिळालं?"

"हो बाबा."

"नावांची स्पेलिंगं तपासून घे. आणि दोन झेरॉक्स काढून ठेव. एक इकडे पाठव."