तीन पेडांची वेणी आणि एक नियम

वज्रेश्वरीच्या देवळाला ५२ पायऱ्या आहेत. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, नवस फेडायचा म्हणून देवीचे देऊळ उभे राहिले, आणि गुडघे धरत चढणाऱ्या भाविकांनी या पायऱ्या पिढ्यान्‌पिढ्या मोजल्या आहेत. गणितज्ञ मात्र अशा ठिकाणीही एक खोडसाळ प्रश्न काढतो. समजा, या पायऱ्या वरही संपल्या नाहीत आणि खालीही संपल्या नाहीत, तर?

अशा जिन्यावर आपण कितव्या पायरीवर आहोत हे सांगायची सोय नाही. हालचाल मात्र सांगता येते. ‘एक वर’ ही एक हालचाल, ‘एक खाली’ हे तिचे उलटे. बाकी सगळे चढणे-उतरणे या दोनांतून तयार होते. हालचाली एकीपुढे एक करता याव्यात, प्रत्येक उलटवता यावी, आणि जागेवर स्वस्थ उभे राहणे हीदेखील हालचालच मानावी, एवढे जमले की गणितात त्या साऱ्या पसाऱ्याला ‘गट’ म्हणतात. आता त्यातल्या फक्त चारच्या पटीतल्या हालचाली ठेवा. तोही एक गट झाला, मोठ्याच्या पोटातला, म्हणून उपगट. हा उपगटही अनंतच. पण त्याच्या मापाने मूळ गटाचे वाटे पाडायला बसलो तर ते चारच पडतात. अनंताचे चार वाटे! म्हणून या उपगटाचा निर्देशांक ४. आपले घड्याळ तरी दुसरे काय करते? न संपणाऱ्या काळाचे बारा वाटे करून ते भिंतीवर लटकते.

जिना फारच सोपा. भिवंडीच्या यंत्रमागावरचे चौकड्यांचे कापड घ्या, तेही चारी दिशांना न संपणारे. ‘अ’ म्हणजे नक्षी एक घर उजवीकडे सरकवणे, ‘ब’ म्हणजे एक घर वर. आधी अ मग ब केले काय, आधी ब मग अ केले काय, फळ एकच. म्हणजे दोन अक्षरे आणि ‘अब = बअ’ हा एक नियम, इतक्या भांडवलावर त्या अनंत कापडाच्या सरकण्याचा सारा हिशेब लिहून झाला. अनंत गटाला असे मोजक्या अक्षरांत आणि मोजक्या नियमांत बसवणे, ही या शास्त्राची आवडती युक्ती. भाषेच्या व्याकरणासारखीच ती आहे. फरक इतकाच की या व्याकरणात अपवाद चालत नाहीत.

आता वेणी. शाळेच्या घाईत आई मुलीच्या केसांचे तीन पेड करते, डावा मधल्यावरून, मग उजवा मधल्यावरून, पुन्हा डावा. एमिल आर्टिन या गणितज्ञाने १९२५ मध्ये याच गोष्टीवर निबंध लिहिला आणि त्याचे जर्मन नावही सरळ ‘वेण्यांचा सिद्धांत’ असे ठेवले. ‘अ’ म्हणजे डावा पेड मधल्यावरून नेणे. ‘ब’ म्हणजे मधला पेड उजव्यावरून नेणे. उजवा मधल्यावरून नेला तर ते झाले ब-उलट. आर्टिनने दाखवले की तीन पेडांच्या झाडून साऱ्या वेण्यांना एकच नियम पुरतो: अबअ = बअब. घरी तीन दोऱ्या खुंटीला बांधून पाहा, दोन्ही बाजूंची गुंफण न सोडता एकमेकींत सरकवता येते.

कापडाचा नियम दोन अक्षरांचा, वेणीचा तीन. फरक केवढासा! पण कापडाचा गट गरीब गाईसारखा आणि वेणीचा असा की त्यावर पाऊणशे वर्षांनंतरही नवे निबंध येत होते. पेड कुठे सुरू झाले आणि कुठे संपले एवढेच पाहिले तर सहाच शक्यता उरतात. ज्या वेण्यांत तिन्ही पेड आपापल्या जागी परततात त्यांचा उपगट, आणि त्याचा निर्देशांक ६. ही झाली अनंत गटाची एक सांत, म्हणजे मर्यादित, सावली. पण सावली फसवते. नेहमीची वेणी सहा वळशांनंतर तिन्ही पेड मूळ जागी आणते, म्हणजे सावलीच्या हिशेबी काही झालेच नाही! वेणी मात्र घातलेली असते, हे फणी घेऊन बसलेल्या कोणालाही दिसते.

इथून खरा प्रश्न सुरू होतो. समोर अक्षरांची एक लांबलचक माळ आहे. नियम वापरून ती पूर्ण सुटते की नाही? १९११ मध्ये माक्स डेन याने हा प्रश्न मांडला तेव्हा तो कारकुनी स्वरूपाचा वाटला असेल. कल्पना करा, दोन कारकून बसवले आहेत. पहिला नियम लावत लावत माळ सोडवू पाहतो. दुसरा एकामागून एक सांत सावल्या काढतो आणि माळ निदान एखादीत तरी न सुटलेली दिसते का, ते बघतो. एखादा गट असा सज्जन असेल की त्याची प्रत्येक न सुटणारी माळ कुठल्या तरी सावलीत सापडतेच, तर दोघांपैकी एक जण कधीतरी हात वर करणारच. निकाल लागला! वेण्यांचा गट असा सज्जन आहे.

पण सगळे गट सज्जन नसतात. ग्रॅहम हिगमन यांनी १९५१ मध्ये चार अक्षरांचा आणि चार नियमांचा एक गट रचला. त्यात प्रत्येक अक्षर पुढच्याला दुप्पट करून सोडते आणि चौथे पुन्हा पहिल्याला. गट अनंत, पण त्याला सांत सावली एकही नाही. सावली आहे असे धरले तर एका अक्षराच्या हिशेबातली मूळ संख्या आधीच्या अक्षराकडून तिच्याहून लहान मूळ संख्या मागते, ते त्याच्या आधीच्याकडून आणखी लहान, आणि ही उतरंड खाली जाऊन कोसळते. दुसऱ्या कारकुनाने मग पेन्शनीतच निघावे. १९५५ मध्ये रशियाच्या नोव्हिकोव यांनी तर असे नियम दाखवले की माळ सुटते की नाही हे ठरवणारी कोणतीही ठराविक रीत असूच शकत नाही. यंत्र कितीही वेगवान आणा, फरक पडत नाही. शाळेत गणिताला ‘उत्तर असलेला विषय’ म्हणून मार खाल्लेल्यांनी हे वाक्य पुन्हा वाचायला हरकत नाही.

या कथेचा एक मोठा तुकडा मुंबईत घडला आणि मराठी घरांत तो फारसा कोणी सांगत नाही, याची मला चुटपुट आहे. होमी भाभांनी १९४५ मध्ये स्थापन केलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९६० मध्ये मुंबईत एक आंतरराष्ट्रीय परिसंवाद भरवला. त्याच्या ग्रंथात आटले सेल्बर्ग यांचा एक निबंध आहे. आकड्यांची चौकोनी कोष्टके, कॉलेजात ज्यांना मॅट्रिक्स म्हणतात, त्यांपासून मोजक्या अक्षरांनी बनलेला कोणताही अनंत गट घ्या. सेल्बर्ग म्हणतात, त्यात सांत निर्देशांकाचा असा उपगट सापडतोच की ज्यात ‘इतक्या वेळा केले की पूर्ववत’ अशी एकही हालचाल उरत नाही. उपगट म्हणजे चाळणी म्हणा. असे खडे वेगळे काढणारी चाळणी मिळतेच मिळते. जगभर हे ‘सेल्बर्गचे प्रमेय’ म्हणून शिकवतात. पण ते मुंबईत छापले गेले, हे किती जणांना ठाऊक असेल?

त्याच संस्थेत एम. एस. रघुनाथन नावाचे गणितज्ञ घडले. १९७२ मध्ये त्यांचे या विषयावरचे इंग्रजी पुस्तक जर्मनीच्या श्प्रिंगरने काढले आणि ते जगभरच्या विद्यार्थ्यांचे पाठ्यपुस्तक होऊन बसले. १९८४ मध्ये त्यांनी सेल्बर्गची दुसरी बाजू उघड केली. मॅट्रिक्सच्या राज्याची हद्द ओलांडली की चाळणी मिळेलच असे नाही.

हे समजायला आरतीचे ताट घ्या, निरांजन न लावलेले बरे. तळहातावर ताट आडवे ठेवून, न कलंडू देता, काखेखालून एक पूर्ण फेरी द्या. ताट पुन्हा समोर, पण हात पिळलेला. त्याच दिशेने आणखी एक फेरी डोक्यावरून द्या, पीळ सुटतो. ताटाकडे पाहणाऱ्याला पहिल्या फेरीनंतरच सारे पूर्ववत वाटते. खांद्याला विचारा, तो वेगळे सांगेल. याच जातीच्या, पण पुष्कळ वरच्या मितींतल्या पिळांचे गट रघुनाथन यांनी घेतले. त्यांत ठराविक वेळा केल्यावर सुटणारा एक पीळ आहे, म्हणजे तो काही शून्य नव्हे. तरी त्या गटाच्या सांत निर्देशांकाच्या प्रत्येक उपगटात तो हजर. कुठलीही चाळणी घ्या, हा खडा तांदळातच! त्याआधी १९७८ मध्ये पीएर दलीन्य यांनी याच वाटेवरचे पहिले उदाहरण दिले होते, पण तिथे हरवणारा पीळ कितीही फेऱ्यांनी न सुटणारा होता. सुटणाराही हरवू शकतो, हे रघुनाथन यांच्या गटांत दिसते.

उपयोग काय, असे विचारणारे विचारोत. दोन दिसायला वेगळ्या गोष्टी एकच आहेत की नाहीत, हे नियमांवरून ओळखता येते का, याहून व्यवहारी प्रश्न मला तरी माहीत नाही.

सध्या त्या संस्थेत एक भगवी वस्त्रे घालणारे गणितज्ञ आहेत. गणेशपुरीच्या शेजारी राहणाऱ्या वाचकांना त्याचे नवल वाटणार नाही. रामकृष्ण मठाचे संन्यासी महान महाराज २०१५ मध्ये कुलाब्याला आले आणि त्याच वर्षी त्यांना गणितासाठी इन्फोसिस पुरस्कार मिळाला. मिखाइल ग्रोमोव यांनी १९८७ मध्ये ज्यांना ‘अतिवलयी’ गट म्हणून मांडले, ते त्यांच्या अभ्यासाच्या परिसरातले. या गटांत पहिला कारकून एकट्यानेच झटपट निकाल लावतो. माळ सुटणारी असेल तर नियमांनी ती आखूड होतच जाते, नसेल तर अडते. पण दुसऱ्या कारकुनाला इथे नेहमी यश मिळेल का, म्हणजे प्रत्येक अतिवलयी गटात प्रत्येक न सुटणारी माळ एखाद्या सांत सावलीत दिसेल का, हे अजून कोणी सिद्ध केलेले नाही, आणि न दिसणारी एक माळही कोणाच्या हाती लागलेली नाही.