एक रेघ की दोन?
गर्भधारणा चाचणीच्या किटवर सकाळी दोन रेघा, संध्याकाळी एकच! जोयड्यासारख्या जंगलात विखुरलेल्या तालुक्यात अशा वेळी जीव टांगणीला लागतो. बरेचदा कारण साधं असतं: दिवसभर पाणी प्यायल्याने लघवी पातळ होते. किट शोधतं ते एचसीजी हे संप्रेरक. गर्भ रुजल्यावर सुरुवातीला ते साधारण 2-3 दिवसांत दुप्पट होतं. म्हणून 48 ते 72 तास थांबून, सकाळच्या पहिल्या लघवीवर, नव्या किटने पुन्हा पाहा. आशाताईंकडे ‘निश्चय’ किट मिळतं. इथल्या पावसाळ्यात पाकीट आधी फोडून ठेवू नका, ओल धरते. दिलेल्या वेळेत उमटलेली फिकट रेघही बहुधा होकारच. तासाभराने दिसलेली धरू नका.

ओटीपोटात एका बाजूला कळ, चक्कर, रक्तस्राव? मग किट बाजूला ठेवून तडक दवाखाना गाठा. गर्भ नलिकेत रुजलेला असू शकतो, आणि त्यात जिवाला धोका आहे.