वेरूळची महामायूरी

खुलताबादला लोक भद्रा मारुतीच्या दर्शनाला येतात, औरंगजेबाची कबर पाहतात आणि घाट उतरून वेरूळला जातात. वेरूळ याच तालुक्यात आहे. तिथे पावले आधी 16 क्रमांकाच्या कैलास लेण्याकडे वळतात, आणि ते स्वाभाविकच आहे. पण कैलासाच्या दक्षिणेला 1 ते 12 ही बौद्ध लेणी आहेत. त्यांतल्या सहाव्या लेण्यात गाभाऱ्याअलीकडच्या दालनात एक देवी उभी आहे. मराठी वाचकांपैकी फार थोड्यांनी तिचे नाव ऐकले असेल, याची मला खंत वाटते. ही महामायूरी.

गाभाऱ्याकडे तोंड करून उभे राहिले की ती उजव्या भिंतीवर दिसते. तिच्या शेजारी मोर आहे आणि पायाशी, खालच्या बाजूला, एक छोटा माणूस पुढ्यात पोथी घेऊन वाचत बसला आहे. मोर आणि पोथी एकत्र दिसली की आपल्याला सरस्वती आठवते. राजा रविवर्म्यानेही सरस्वतीजवळ मोरच रंगवला. वेरूळवर सुरुवातीला लिहिणाऱ्या अभ्यासकांनीही या मूर्तीला सरस्वती मानले होते. आज तिची ओळख महामायूरी अशी पटलेली आहे, आणि तिचे काम फार वेगळे आहे. ती सापाच्या विषापासून माणसाला वाचवते.

तिची कथा बौद्ध ग्रंथांत अशी येते. स्वाती नावाचा नवा भिक्खू संघाच्या स्नानासाठी लाकडे फोडत होता. कुजक्या ओंडक्यातून काळा साप निघाला आणि त्याला डसला. स्वाती फेस गाळत जमिनीवर कोसळला. बुद्धांचा शिष्य आनंद याने धावत जाऊन त्यांना सांगितले, तेव्हा बुद्धांनी त्याला महामायूरी विद्या, म्हणजे रक्षणाचा मंत्र, दिली. त्याच ग्रंथात सोनेरी मोरांच्या राजाची गोष्ट आहे. हिमालयाच्या दक्षिणेला राहणारा हा मोर रोज सकाळ-संध्याकाळ ही विद्या म्हणायचा आणि सुखरूप असायचा. एके दिवशी लांडोरींच्या नादात त्याला पाठाचा विसर पडला आणि तो फासात सापडला. विद्या आठवली तेव्हाच सुटला.

मला या गोष्टीत मूर्तीची किल्ली दिसते. इथे रक्षण करते ती आठवणीत राहिलेली, तोंडाने म्हटलेली विद्या, आणि त्या विद्येलाच पुढे देवीचे रूप मिळाले. म्हणून मोराइतकाच तो वाचणारा माणूस महत्त्वाचा. तो पाठ करतो आहे, आणि त्या पाठातून देवी प्रकट होते आहे.

मोराची निवड मात्र अगदी व्यवहारातली आहे. मोर साप खातो, हे कोणताही शेतकरी सांगेल. राजवाड्यात सापांचा उपद्रव होऊ नये म्हणून मोर आणि मुंगूस मोकळे सोडावेत, असे कौटिल्यानेही लिहून ठेवले आहे. भिक्खूंचा वर्षावास येई तो ऐन पावसाळ्यात, बिळांत पाणी शिरून नाग, मण्यार, घोणस, फुरसे बाहेर पडण्याच्या दिवसांत. डोंगरात राहणाऱ्यांनी ही देवी जवळ केली, यात मला त्यांची रोजची भीती दिसते.

ही लेणी साधारण सातव्या-आठव्या शतकातली, विद्या त्याहून जुनी. 1890 साली हॅमिल्टन बॉवर या इंग्रज अधिकाऱ्याला मध्य आशियातल्या कुचा इथे भूर्जपत्रांवरची एक संस्कृत पोथी मिळाली. तिच्यात औषधांचे ग्रंथ आहेत, फासे टाकून भविष्य पाहण्याचे आहेत आणि महामायूरीचे सर्पविषावरचे मंत्रही आहेत. मंत्रांत ज्याचे रक्षण व्हावे त्याचे नाव घालतात. या पोथीत ते यशोमित्र असे आहे. कोणा एका माणसासाठी केलेली ती प्रार्थना दीड हजार वर्षे टिकली! सातव्या शतकातल्या बाणभट्टाच्या हर्षचरितातही राजा प्रभाकरवर्धन आजारी पडल्यावर महामायूरीचा पाठ चालल्याचे वर्णन आहे. म्हणजे केवळ सर्पदंशाला नव्हे, कोणत्याही दुखण्याला तिचा आधार घेतला जाई.

प्राचीन ग्रीकांकडेही आरोग्याची देवी होती. हायजिया ही वैद्यकाचा देव अ‍ॅस्क्लेपियस याची मुलगी. तिच्या हातातल्या वाडग्यातून साप पितो, आणि तो वाडगा व साप आज जगभर औषधनिर्मात्यांचे चिन्ह आहे. तिथे साप बरे करणाऱ्याचा सोबती आणि इथे मोराचे भक्ष्य. माझ्या मते यातली महामायूरी आपल्या मातीच्या अनुभवाशी अधिक प्रामाणिक आहे.

चीनमध्ये तिच्या ग्रंथाची भाषांतरे पुन्हा पुन्हा झाली. 705 साली यिजिंगने केले, त्याच शतकात पुढे अमोघवज्राने. तिथून ती जपानला पोचली आणि कुजाकु म्योओ झाली. या म्योओ देवता बहुतेक उग्र, दात विचकलेल्या असतात, पण ही एकटी शांत मुद्रेची. टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयातल्या बाराव्या शतकातल्या चित्रात ती मोरावर आरूढ आहे, चार हातांची. तिच्यासमोर तिथे पावसासाठीही अनुष्ठाने होत. वेरूळला मोर अजून वाहन झालेला नाही. तो नुसता बाजूला उभा आहे, आणि वाचणारा माणूस जपानच्या चित्रात उरलेला नाही. तो पाहायचा तर सहाव्या लेण्यातच जावे लागते.