हळद यंत्रांचे सुटे भाग: नगांची संख्या आणि पैशांच्या अटी

हिंगोली जिल्ह्यातील वसमतचा पट्टा हळदीचा. हळद शिजवण्याच्या आणि पॉलिशच्या यंत्रांचे काही भाग मापाप्रमाणे बनवून घ्यावे लागतात. अशा भागाचा दर बराचसा नगांच्या संख्येवर ठरतो.

साचा आणि यंत्राची जुळणी हा एकदाच होणारा खर्च. तो २०,००० रुपये धरला, तर १० नगांत प्रत्येकी २,००० रुपये पडतात. २०० नगांत फक्त १००. म्हणून कारखानदार किमान संख्येची अट घालतो. आधी एक नमुना यंत्रावर बसवून पाहावा, मगच पूर्ण ऑर्डर द्यावी. साच्याचे पैसे वेगळे दिल्यास त्याची मालकी कोणाची, हे लिहून घ्यावे.

मापाचा माल दुसऱ्याला सहसा विकता येत नाही, म्हणून आगाऊ रक्कम मागितली जाते. उरलेली रक्कम नमुन्याची मंजुरी आणि मालाची तपासणी या टप्प्यांना जोडावी.

उधारीलाही मर्यादा आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास (एमएसएमईडी) कायदा, २००६ नुसार नोंदणीकृत सूक्ष्म व लघु उत्पादकाला लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसल्यास १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते.